अक्षरांचे भांडार आणि त्याचा भांडारपाल
डीटीपी व डिझाईनच्या कामात शिरलेल्या तरुण-तरुणींनी फॉन्ट सांभाळणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

आपल्या वस्त्यांमधून आज पुष्कळ मुले-मुली डीटीपी आणि डिझाईनच्या कामात शिरली आहेत. कुणी छपाईच्या दुकानात पगारावर आहे, कुणी फ्लेक्सच्या दुकानात रात्रपाळी करतो, तर कुणी घरातल्या एका कोपऱ्यात संगणक मांडून लग्नपत्रिका, हँडबिले आणि व्हिजिटिंग कार्डे करून देतो. मुले शाळेत गेल्यावर मिळालेल्या वेळात पुस्तकांचे टाईपसेटिंग करून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनीही आम्ही पाहतो. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या धंद्यात एक बाब अशी आहे की, जिच्याकडे क्लासमध्ये कुणी फारसे लक्ष देत नाही आणि पुढे तिच्यामुळेच पगार कापला जातो, गिऱ्हाईक तुटते. ती बाब म्हणजे फॉन्टची व्यवस्था.

सध्या पुष्कळ तरुण आम्हाला विचारतात, "फॉन्ट सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? विकतचे घ्यावे की फुकटचे?" प्रश्न योग्य आहे. मात्र आम्ही आयुष्यभर कारकुनी केलेली माणसे. भांडारात माल किती, कोणता आणि कुठून आला हे माहीत नसताना भांडारपाल नेमून उपयोग नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. सबब या लेखात आधी भांडाराचा आणि मग भांडारपालाचा विचार करू.

फॉन्ट सांभाळायचे म्हणजे काय?

शिशाच्या खिळ्यांच्या काळात छापखान्यातला जुळारी काम संपल्यावर जुळवलेला मजकूर सोडून प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकीत असे. एक खिळा चुकीच्या खणात पडला की दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात चूक ठरलेली. आज खिळे गेले, पण खण आणि शिस्त यांची गरज गेली नाही. आज एकेका संगणकात हजार-दोन हजार फॉन्ट भरलेले असतात. मित्राने पेन ड्राइव्हमधून दिलेले, इंटरनेटवरून उतरवलेले, जुन्या मालकाच्या संगणकातून आलेले असे सगळे एकाच ढिगात पडलेले असतात.

याचे परिणाम रोज भोगावे लागतात. संगणक सुरू व्हायला आणि फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ उघडायला वेळ लागतो. फॉन्टची यादी इतकी लांब होते की हवा तो फॉन्ट शोधण्यातच वेळ जातो. सर्वांत वाईट म्हणजे एकाच नावाचे दोन वेगवेगळे फॉन्ट एकमेकांच्या आड येतात. फाईलचे नाव बदलले म्हणून फॉन्ट वेगळा होत नाही, हे ध्यानात घ्यावे. फॉन्टचे खरे नाव त्याच्या पोटात लिहिलेले असते आणि सॉफ्टवेअर तेच वाचते.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. वस्तीतल्या वाचनालयाच्या उद्घाटनाचे पत्रक एका तरुणाने रात्री बसून तयार केले आणि जिथे तो कामाला होता त्या दुकानात छपाईला दिले. दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर त्याच नावाचा, पण निराळ्या आवृत्तीचा फॉन्ट होता. पडद्यावर कुणी बारकाईने पाहिले नाही. पत्रके छापून आली तेव्हा जिथे जिथे "द्ध" हे जोडाक्षर होते तिथे भलतेच चिन्ह उमटले होते. वाचनालयाला दिलेले नावच त्यामुळे विटंबले गेले. कागदाचे आणि छपाईचे पैसे मालकाने त्या मुलाच्या पगारातून वळते केले. वास्तविक चूक एकट्या त्याची नव्हती. दुकानातल्या दोन संगणकांवर एकच नाव आणि दोन फॉन्ट असणे ही व्यवस्थेची चूक होती. पण नुकसान सोसावे लागले ते सर्वांत कमी पगाराच्या माणसाला. म्हणून ही व्यवस्था आपण स्वतः शिकून घेणे अगत्याचे आहे.

मराठी फॉन्टचे दोन प्रकार

इंग्रजीत काम करणाऱ्याला जी अडचण येत नाही ती मराठीत काम करणाऱ्याला येते. मराठीचे फॉन्ट दोन प्रकारचे आहेत आणि ते दिसायला सारखे असले तरी आतून अगदी वेगळे आहेत.

पहिला प्रकार जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीबरोबरचे फॉन्ट, शिवाजी, हिंदीतला कृतिदेव हे या प्रकारातले. यात संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचा किंवा चिन्हांचाच असतो. त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा अर्थच नाहीसा होतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरविल्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

दुसरा प्रकार युनिकोडचा. यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर मान्य झालेला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी अशा १२८ जागांचा मुख्य गट ठेवलेला आहे. फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो, फक्त अक्षराचे वळण बदलते. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट या प्रकारातला. तो प्रा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविला. आज मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बलू, गुगलचा नोटो, कॅनडातल्या टायरो टाईपवर्क्सचा टायरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेला यशोमुद्रा असे किती तरी चांगले युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात.

हे दोन प्रकार ओळखण्याची एक सोपी रीत आहे. फॉन्ट दाखविणाऱ्या खिडकीत इंग्रजी ए-बी-सी-डी टाईप करावी. इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे उमटले तर फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे. मग युनिकोडमध्ये एक मराठी वाक्य टाईप करून पाहावे. फॉन्टमध्ये युनिकोड देवनागरी नसेल तर एक तर चौकोन दिसतील, नाही तर संगणक आपल्या पदरचा दुसराच फॉन्ट लावून वाक्य दाखवील. दहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये वाक्य हुबेहूब सारखे दिसू लागले की समजावे, संगणक आपली समजूत घालतो आहे.

भांडारपालाची कामे कोणती?

फॉन्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला फॉन्ट मॅनेजर म्हणतात. कार्यालयातल्या भांडारपालाची जी कामे असतात तीच त्याची. माल एका जागी लावून ठेवणे, मागणी आली की देणे, काम झाले की परत घेणे, दुबार नोंद पकडणे आणि खराब माल बाजूला काढणे.

यातले देणे-घेणे सर्वांत महत्त्वाचे. फॉन्ट विंडोजमध्ये कायमचा इन्स्टॉल न करता तो एका फोल्डरमध्ये ठेवायचा आणि गरज असेल तेवढाच वेळ मॅनेजरकरवी चालू करायचा. लग्नपत्रिकेचे काम असेल तेव्हा पत्रिकेचे आठ-दहा फॉन्ट चालू, पुस्तकाचे काम असेल तेव्हा पुस्तकाचे तीन-चार चालू. बाकीचे निजलेले. याने संगणकावरचा भार कमी होतो आणि फॉन्टची यादी आटोपशीर राहते.

दुसरे काम गट पाडण्याचे. "पत्रिका", "पुस्तक", "फ्लेक्स मथळे", "अमुक गिऱ्हाईक" असे गट करून एकच फॉन्ट अनेक गटांत ठेवता येतो. फाईल मात्र एकच राहते. तिसरे काम तपासणीचे. मोडलेली फाईल आणि एकाच नावाचे दोन फॉन्ट दाखवून देणारा मॅनेजर वर सांगितलेल्या पत्रकासारखा प्रसंग टाळू शकतो.

तूर्त कोणकोणते पर्याय आहेत?

सर्वप्रथम आपल्याकडे जे आहे ते पाहावे. ज्यांच्याकडे कोरलड्रॉची रीतसर घेतलेली प्रत आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते की, २०१६ साली आलेल्या एक्स-८ आवृत्तीपासून कोरल फॉन्ट मॅनेजर हा प्रोग्रॅम सोबतच मिळतो. त्याआधीच्या आवृत्त्यांबरोबर बिटस्ट्रीम फॉन्ट नॅव्हिगेटर मिळत असे. आपल्याकडची बहुतेक फ्लेक्सची दुकाने कोरलड्रॉवर चालतात. तिथल्या मुलांनी दुसरीकडे धावण्यापूर्वी हा प्रोग्रॅम उघडून पाहावा. फोल्डर दाखवून द्यायचा, गट करायचे आणि इन्स्टॉल न करता फॉन्ट वापरायचे, इतके त्यात होते. मॅकिन्टॉश संगणकावर काम करणाऱ्यांना फॉन्ट बुक हा प्रोग्रॅम संगणकाबरोबरच मिळतो. त्यात गट पाडता येतात, फॉन्ट तपासता येतात आणि दुबार फॉन्टही दिसतात.

विकत काहीच घेतले नसेल तर विनामूल्य प्रोग्रॅममध्ये फॉन्टबेस हा विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे आणि जादा सोयींसाठी पैसे आकारले जातात. विंडोजवर नेक्ससफॉन्ट हा लहानसा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे वापरात आहे. तो जुना झाला आहे, पण कमी ताकदीच्या संगणकावरही चालतो. त्याची एक गंमत ध्यानात ठेवावी. त्याच्याकरवी चालू केलेले फॉन्ट तो प्रोग्रॅम उघडा असेपर्यंतच चालू राहतात. प्रोग्रॅम बंद केला की फॉन्ट गेले आणि उघडलेल्या कामात अक्षरे बदलली. नवख्या माणसाला वाटते, फाईल बिघडली. लिनक्स वापरणाऱ्यांना फॉन्ट मॅनेजर याच नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे.

विकतच्या प्रोग्रॅममध्ये एक्स्टेन्सिस कंपनीचा कनेक्ट फॉन्ट्स हा मोठा. पूर्वी तो सूटकेस फ्यूजन या नावाने प्रसिद्ध होता. त्याची मोठी सोय अशी की, इनडिझाईन किंवा इलस्ट्रेटरची फाईल उघडताच तिला लागणारे फॉन्ट तो आपण होऊन चालू करतो. मात्र त्याची वर्गणी भरीत राहावी लागते. मॅकवर राईटफॉन्ट आणि टाईपफेस, तर विंडोजवर हाय-लॉजिक कंपनीचा मेनटाईप असेही प्रोग्रॅम आहेत.

घरखर्चाच्या वहीत जसा हिशेब मांडतो तसा हिशेब इथेही मांडावा. एकदाच द्यायचे पैसे आणि दरवर्षी द्यायचे पैसे यांत फरक असतो. वर्गणी परदेशी चलनात असेल तर रुपयाच्या भावाबरोबर ती वाढते आणि वर कर लागतो. एकट्याने काम करणाऱ्या, ज्याच्याकडे तीन-चारशे फॉन्ट आहेत अशा माणसाला वर्गणीचा प्रोग्रॅम घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. रोज बाहेरून दहा-वीस फाईली येतात, चार-पाच संगणकांवर काम चालते, अशा दुकानाने तो जरूर पाहावा. तिथे वाचणाऱ्या वेळात पैसे वसूल होतात. पण ते पैसे मालकाने भरायचे, नोकराने नव्हे.

निवडण्यापूर्वी सहा गोष्टींची परीक्षा

जाहिरात वाचून प्रोग्रॅम निवडू नये. बहुतेक प्रोग्रॅम आधी वापरून पाहता येतात. एक दिवस काढून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. मराठी नमुना. मॅनेजरमध्ये इंग्रजीतले ठरावीक वाक्य असते. ते बदलून आपले वाक्य घालता येते का? घालता येत नसेल तर तो मराठी माणसाच्या कामाचा नाही. नमुन्यात हे शब्द असावेत : बुद्ध, वाङ्मय, राष्ट्र, विद्यार्थी, ज्ञान, श्रमिक, ऱ्हास, वाऱ्यावर, डॉक्टर, ॲडव्होकेट. "ऱ्ह" आणि "ऱ्य" मधला र मराठीचा खास आहे. "ॲ" या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही. निमंत्रण पत्रिकेत वकील पाहुण्यांच्या नावाआधी चौकोन छापला जातो तो यामुळे.

२. ल आणि श. या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ आणि २०२२ च्या निर्णयांत मराठी वर्णमालेचे लेखन कसे असावे ते ठरवून दिले आहे. पाठ्यपुस्तके किंवा सरकारी काम करणाऱ्यांना हे पाळावे लागते. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आत असतात. फॉन्टमधली सर्व अक्षरचित्रे तक्त्यात उघडून दाखविणारा मॅनेजर असला की हे तपासता येते.

३. जुने फॉन्ट. जुन्या पद्धतीचे फॉन्टही तो नीट चालू-बंद करतो का, ते पाहावे. आपल्याकडे त्यांचे काम अजून संपलेले नाही.

४. दुबार आणि मोडके. मुद्दाम एकच फॉन्ट दोन फोल्डरमध्ये ठेवावा आणि मॅनेजर ते पकडतो का, ते पाहावे.

५. मूळ फाईल जागेवर राहते का? काही प्रोग्रॅम फॉन्ट आपल्या स्वतःच्या कोठारात उचलून नेतात. उद्या तो प्रोग्रॅम बंद पडला तर आपला माल शोधायचा कुठे? आपण केलेल्या फोल्डरवरच काम करणारा प्रोग्रॅम आम्ही चांगला समजतो. नव्वदच्या दशकात अडोबी टाईप मॅनेजरचा बोलबाला होता, तो आज उरला नाही. मोनोटाईपचा फॉन्ट एक्सप्लोरर एक्स अनेक डिझाईनर वापरीत होते, त्याचीही विक्री कंपनीने थांबविली. सॉफ्टवेअर येते आणि जाते. आपले फोल्डर आपल्याजवळ राहिले पाहिजेत.

६. इंटरनेटशिवाय चालतो का? दर वेळी खाते उघडून आत शिरावे लागणारा प्रोग्रॅम ऐन रात्री, नेट बंद असताना अडवणूक करतो.

या सहांपैकी पहिली आणि पाचवी परीक्षा जो उतरला नाही, तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

परवाना : फुकट आणि चोरीचे यांत फरक करा

काही दुकानांत असे सांगितले जाते की सगळेच चोरीचे वापरतात, त्यात काय मोठे? वाचकहो, हा सल्ला देणारा मालक पोलिसांसमोर आपल्या नोकराकडे बोट दाखवतो. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. शिवाय कुलूप तोडलेल्या प्रोग्रॅमबरोबर व्हायरस येतो आणि वर्षभराचे काम एका रात्रीत जाते. मोफत फॉन्ट म्हणून टीटीएफ किंवा ओटीएफऐवजी ईएक्सई फाईल हातात आली तर ती उघडू नये.

आणि चोरी करण्याची गरज तरी काय? वर सांगितलेले मुक्त, बलू, नोटो आणि टायरो हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यांतून पैसे मिळविण्याचे काम करावे, पुस्तक छापावे, दुसऱ्याला द्यावेत, सर्वाला मुभा आहे. फक्त तो फॉन्ट नुसता सुटा विकता येत नाही. याउलट विकतचे मराठी फॉन्ट ज्या संगणकासाठी घेतले त्याच संगणकापुरते असतात. अडोबीच्या वर्गणीबरोबर मिळणारे फॉन्ट वर्गणी चालू असेपर्यंतच चालतात. वर्गणी थांबली की जुनी फाईल उघडताना तो फॉन्ट नाही असा निरोप येतो. म्हणून पुस्तकासारख्या, पुढे पुन्हा छापाव्या लागणाऱ्या कामाला मोकळ्या परवान्याचे फॉन्टच घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे.

गिऱ्हाईकाने त्याच्या कामासाठी दिलेला फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याच्या कामाला लावू नये. धंद्यातला विश्वास अशाच गोष्टींनी टिकतो.

जे काम मॅनेजर करीत नाही

पुष्कळांची समजूत असते की मॅनेजर आला म्हणजे सर्व अडचणी सुटल्या. तसे नाही. मॅनेजर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देत नाही. त्यासाठी वेगळे परिवर्तक असतात आणि बदललेला मजकूर मुळाशी ताडून वाचावा लागतोच.

इनडिझाईनमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे फुटली तर दर वेळी दोष फॉन्टचा नसतो. २०१२ च्या सीएस-६ पासून त्यात वर्ल्ड-रेडी नावाचा परिच्छेद जुळविण्याचा पर्याय आहे. तो निवडला की बहुतेक वेळा अक्षरे जागेवर येतात. विंडोज १० आल्यानंतर मंगल हा फॉन्ट सर्व संगणकांवर आपोआप नसतो. देवनागरीचे पूरक फॉन्ट विंडोजच्या सेटिंगमधून वेगळे जोडून घ्यावे लागतात. तसेच २०१८ पासून विंडोजमध्ये फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरता इन्स्टॉल होऊ शकतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. अशा वेळी "सर्व वापरकर्त्यांसाठी" हा पर्याय घ्यावा. आणि साफसफाईच्या भरात विंडोजचे स्वतःचे फॉन्ट काढू नयेत.

फाईल दुसऱ्याकडे पाठवताना इनडिझाईनमध्ये पॅकेज आणि कोरलमध्ये कलेक्ट फॉर आउटपुट या आज्ञेने फॉन्ट सोबत गोळा करता येतात. परवाना तशी परवानगी देतो ना, हे आधी पाहावे. नाही तर फॉन्ट आत भरलेली पीडीएफ द्यावी. फ्लेक्सच्या कामात अक्षरांचे कर्व्ह करून देण्याची पद्धत आहे. ती चांगली, पण कर्व्ह केल्यावर एक वेलांटीही सुधारता येत नाही. म्हणून आधीची, अक्षरे असलेली फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. आणि कोणतेही सॉफ्टवेअर असो, छपाईपूर्वी कागदावर एक प्रूफ काढून गिऱ्हाईकाची सही घ्यावी. त्या सहीने पुष्कळ मुलांचे पगार वाचतील.

जुने फॉन्ट फेकू नका

काही तरुण म्हणतात, आता युनिकोड आले, जुने फॉन्ट पुसून टाकू. आमची त्यांना कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. नव्वदच्या दशकापासून आपल्याकडची स्मरणिका, पुस्तिका, छोटी साप्ताहिके, कवितासंग्रह हे सर्व जुन्या फॉन्टमध्ये, पेजमेकरवर जुळविलेले आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतर नवी निघाली नाही. त्या फाईली कुठल्या तरी सीडीवर, कुठल्या तरी कपाटात पडून आहेत. फॉन्ट हरवला तर ती फाईल असूनही वाचता येणार नाही. छापलेल्या प्रती वाळवीने खाल्ल्या आणि फाईलही मुकी झाली, तर आपल्या माणसांनी पदरमोड करून लिहिलेले-छापलेले कायमचे पुसले जाईल. मोठ्या प्रकाशन संस्थांची पुस्तके ग्रंथालयांत सापडतात. आपल्या पुस्तिका बहुधा आपल्याच घरात असतात.

अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून टाईप-१ या जुन्या घडणीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला. त्या फॉन्टमध्ये ज्यांची कामे होती त्यांच्यापुढे नव्या आवृत्तीत तोच प्रश्न उभा राहिला. यावरून धडा घ्यावा. "जुने" म्हणून एक फोल्डर करावा, मॅनेजरमध्ये तो बंद ठेवावा, पण जतन करावा. ज्या कामात जो फॉन्ट वापरला त्याची नोंद ठेवावी. सवड मिळेल तसा एकेका जुन्या पुस्तिकेचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा. हे काम डीटीपी शिकलेली मुले आणि शुद्धलेखन जाणणारे वडीलधारे मिळून करू शकतात. रविवारचे दोन तास पुरे.

आजपासून काय करावे?

एक साधी वही घ्यावी. सहा रकाने आखावेत : फॉन्टचे नाव, प्रकार, कुठून मिळाला, तारीख, परवाना आणि कोणत्या कामात वापरला. संगणकावर पाच फोल्डर करावेत : युनिकोड मोकळे, युनिकोड विकतचे, जुने, इंग्रजी आणि गिऱ्हाईकाचे. एकेक फॉन्ट उघडून योग्य खणात टाकावा. ज्याचा परवाना सांगता येत नाही तो नव्या कामाला घेऊ नये. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती घरात दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. इतके झाल्यावर कोरलबरोबरचा, मॅकबरोबरचा किंवा विनामूल्य मिळणारा मॅनेजर त्या फोल्डरांवर बसवावा. तीन महिने वापरूनही अडचण येत असेल तरच विकतच्या प्रोग्रॅमचा विचार करावा.

पालकांनाही दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून नुसते फोल्डर लावताना दिसली तर ती वेळ वाया घालवते आहे असे समजू नये. गवंडी कामाला लागण्यापूर्वी हत्यारे पुसून लावतो, शिवणकाम करणारी भगिनी दोऱ्यांची रिळे रंगांप्रमाणे लावते, तसेच हे आहे. ज्या दुकानात हे काम करायला वेळ दिला जात नाही तिथे आपल्या मुलांनी नम्रपणे पण ठामपणे तो मागावा. "दोन संगणकांवर एकच फॉन्ट आहे ना?" हा प्रश्न छपाईआधी विचारणारा कामगार मालकाचा कागद वाचवतो आणि आपला पगारही.